मावशींच्या हातची बोली

आमच्या घरात मागून कुणाला हाक मारायची पद्धत नव्हती. मारून उपयोगच नव्हता. खाली सोळा लूमचा कारखाना आणि वर आम्ही. पायाखालची लादी दिवसभर थरथरायची आणि मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून वाजत राहायच्या. कुणाशी बोलायचं तर त्याच्या समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, त्याने बघितलं की मग तोंड उघडायचं, तेही हातवारे करत. लग्न होऊन अंजूरहून भिवंडीत आले तेव्हा पहिले दोन महिने माझा घसा बसलेला होता. मग मीही शिकले. शुक्रवारी लूम बंद असत, सगळी गल्ली शांत व्हायची, पण सवय काही जायची नाही. त्या शांततेतही आम्ही एकमेकांच्या पुढ्यात जाऊन, खांद्याला हात लावून, ओरडूनच बोलायचो. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथे भांडण जुंपलंय.

माझी मुलगी अशा घरात जन्मली, आणि ती अडीच वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.

हे वाक्य ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला आता पाठ आहे. आई असून कळलं नाही? नाही कळलं. खांद्याला हात लावला की ती वळायची. चहाची खूण म्हणून अंगठा तोंडाशी नेला की बशी घेऊन यायची. बोलत नव्हती, पण सासूबाई म्हणायच्या, हिचा बाप चार वर्षांचा होईतो मुकाच होता, आता बघ त्याचं तोंड बंद होतं का. लाईट गेली आणि लूम थांबले की ती खेळता खेळता दचकून जमिनीकडे बघायची. मी कौतुकाने सांगायची, बघा, लूम बंद झाल्याचं कसं लगेच ऐकू येतं हिला. तिच्या तळव्यांना कळत होतं आणि मी त्याचं श्रेय तिच्या कानांना देत होते.

ते ओळखलं माझ्या धाकट्या भावाने. तो शेतावरचा माणूस, एका बांधावरून तिसऱ्या बांधावर हाक पोचवणारा. एका शुक्रवारी तो अंजूरहून आला आणि दारातूनच भाचीला हाक मारली. ती पाठमोरी बसून सुताच्या रिकाम्या कांड्यांची आगगाडी करत होती. त्याने पुन्हा हाक मारली, मग टाळी वाजवली. मग स्वयंपाकघरातून ताट-चमचा आणला आणि तिच्या डोक्यामागे धरून वाजवला. सासरे झोपेतून उठून बसले. ती आगगाडीला डबे जोडत राहिली.

"ताय," भाऊ म्हणाला, "पोरीला ऐकू येत न्हाय."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या चार म्हशी, त्याचं दहावी नापास असणं, सगळं काढलं. तो न जेवता निघून गेला. पुढे दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याच दोन महिन्यांत मुंबईच्या इस्पितळात तिला झोपवून, डोक्याला वायरी लावून तपासण्या झाल्या. त्याचंच खरं निघालं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच आहे, कारखान्याच्या आवाजाचा संबंध नाही. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आणि तिन्ही वेळा मला ते माझ्या समाधानासाठी सांगत आहेत असं वाटलं.

आता मावशींबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्याचसाठी लिहायला घेतलं आहे.

विणताना धोट्यात सुताची एक छोटी गुंडाळी बसवतात, तिला कांडी म्हणतात. कांड्या भरायचं काम बायकांचं. आमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात कांडी मशीनवर एक मावशी बसायच्या. वाड्याच्या रस्त्यावर अंबाडी नाका आहे, त्याच्या आतल्या एका गावच्या. नवरा गेल्यावर भिवंडीत आल्या आणि वीस वर्षं त्या आवाजात बसून त्यांनी हातांनी बोलायची कला इतकी वाढवली होती की कारखान्याच्या या टोकाहून त्या टोकाला, मधे सोळा लूम धडधडत असताना, त्या समोरच्याला अख्खी गोष्ट सांगायच्या. तार तुटली, बीम संपला, शिफ्ट बदलली, एवढ्या खुणा तर सगळ्याच कामगारांना येत. मावशींकडे त्यापलीकडचं होतं. माणसांनाही त्यांनी खुणा ठेवल्या होत्या. तळहातावर चुना मळला की माझे सासरे. कमरेवर हात की सासूबाई. नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं की मी. माझी खूण हीच का, हे मी कधी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती.

मुलगी चालायला लागल्यापासून त्यांच्याजवळच असायची. मला स्वयंपाक उरकायचा असे, तिला कांड्यांशी खेळायचं असे. मला वाटायचं, मावशी मूल सांभाळताहेत. प्रत्यक्षात त्या तिला काय देत होत्या हे कळायला मला सहा वर्षं लागली.

त्या तिच्याशी कुचाळक्या करायच्या. दुसरा शब्द नाही. कोण कुणावर रुसलंय, कोण वरवर हसतंय आणि आतून जळतंय, कुणाला काय ठाऊक नाही, कोण झोपेचं सोंग घेऊन पडलंय. कपाळावर एक बोट म्हणजे ठाऊक आहे. कपाळावर बोट टेकवून मग रिकामा तळवा झटकला म्हणजे त्याला ठाऊक नाही. छातीवर तळवा गोल फिरवला म्हणजे मनात. जिभेने गाल फुगवला म्हणजे सोंग. मुलगी हे बघत बसायची आणि हळूहळू तिचे इवलेसे हातही बोलायला लागले. मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. कधी दोघी माझ्याकडे बघून नाकाला बोट लावायच्या आणि हसायच्या, आणि मी खोटं खोटं डोळे वटारायचे.

एकदा, ती साडेचार वर्षांची असेल, एक कामगार जेवणाच्या सुट्टीत दारात बसून इतरांच्या थट्टेला हसत होता. बनारसकडचा होता. मुलीने माझा पदर ओढला, त्याच्याकडे बोट दाखवलं, छातीवर तळवा गोल फिरवला आणि मग हात लांब, दूर, रस्त्याच्या पार पलीकडे नेला. मला काही समजेना. मावशी म्हणाल्या, "वहिनी, ती म्हनतं, तो हसतो खरा, पन त्याच्या मनात त्याचा गाव हाय." मावशी मला वहिनी म्हणत, पण बोलत अगंतुगंच. त्यांच्याकडे अहोजाहोची चाल नव्हती.

मी म्हटलं, "पुरे तुमचं, हिला काय कळतंय." आणि भाजी परतायला वर गेले. तो क्षण मला परत हवा आहे. तव्याखालचा गॅस बंद करून मी तिथे त्या पायरीवर बसायला हवं होतं.

मग ठाण्याच्या बाई आल्या आमच्या आयुष्यात. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायच्या. नीटनेटकी खोली, भिंतीवर मोठा आरसा. बाईंनी तिच्या कानाला मशीन लावायला लावलं, आरशासमोर बसवलं आणि मला स्पष्ट सांगितलं, "हातांनी बोलायची सवय मोडा. हात बोलले तर तोंड कशाला बोलेल?" त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच सांगत. बाई वाईट नव्हत्या. मुलीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून तासन् तास "आ" म्हणायच्या. त्यांच्या कष्टांना मी आजही नावं ठेवणार नाही. पण त्यांचं ऐकून मी जे केलं ते माझं आहे.

घरी आले आणि चप्पल न काढता कारखान्यात गेले. मावशींच्या समोर उभी राहिले, खांद्याला हात लावला.

"मावशी, आजपासून हिच्याशी हातांनी बोलायचं नाही."

"मंग कशानं बोलू?"

"तोंडाने."

त्यांनी एकदा लूमकडे बघितलं, एकदा मुलीकडे. "हितं?" म्हणाल्या.

त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाचा मला नेहमीच राग येतो. मी म्हटलं, "हिला जन्मभर मुकी ठेवायची आहे का तुम्हाला?" त्या आवाजातही ते त्यांना पोचलं, कारण माझे ओठ त्या वाचतच होत्या. त्यांनी हातातली कांडी टोपलीत टाकली, दुसरी मशीनवर चढवली आणि मान खाली घातली. मुलीने त्यांच्यासमोर हात हलवला. त्यांनी वर बघितलं नाही.

तेव्हापासून मी मुलीला वर ठेवायला लागले. ती लादीवर तळवे टेकून पडून राहायची, खालची थरथर हातात घेत. काही महिन्यांनी सासूबाईंकडून कळलं की मावशी काम सोडून गावाला गेल्या. जाताना वर येऊन भेटल्या नाहीत, आणि मी खाली गेले नव्हते.

पुढची दोन वर्षं चित्रांच्या कार्डांची. आंबा, पंखा, गाय, बॉल. हातांचं सूत्र पक्कं होतं, हात वळवळले की मांडीखाली. मी फक्त बोट दाखवलं की ती आपले हात मांडीखाली घालून त्यावर बसायची. एके दिवशी तिने आरशात बघून "आई" म्हटलं. बोबडं, नाकातलं, पण आई. मी गच्चीवर जाऊन पोटभर रडले. तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही.

पण आंब्याचं चित्र काढता येतं. "वाटतं" याचं चित्र कसं काढायचं? "विसरला" याचं? "त्याला ठाऊक नाही" याचं? अशी कार्डं बाईंकडे नव्हती, कुणाकडेच नसतात. ती दीडशे वस्तूंची नावं घ्यायला लागली आणि माणसं मात्र तिच्या हातून निसटत चालली. गल्लीतली पोरं लपाछपी खेळायची तर ही लपायची आणि लगेच बाहेर येऊन उभी राहायची. कुणी रडलं तर त्याच्याकडे चित्रासारखी बघत बसायची. पूर्वी हीच पोर एका हसणाऱ्या माणसाच्या मनातला गाव ओळखत होती. मी स्वतःला समजावत राहिले की आधी बोलणं येऊ दे, बाकीचं मागाहून येईल.

ती सात वर्षांची होत होती तेव्हा सासऱ्यांना डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली. सासूबाई सांगून थकल्या. एका सकाळी सासरे आंघोळीला गेले असताना त्यांनी गादीखालची चंची काढली आणि तांदळाच्या डब्यात दडवली. मुलगी समोरच बसून बघत होती. सासरे बाहेर आले आणि सवयीने गादीखाली हात घातला. चाचपलं. गादी उचलली. पुन्हा चाचपलं.

मुलगी आधी हसली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती डब्याकडे बघे, आजोबांकडे बघे. चंची डब्यात आहे, मग हा माणूस गादीखाली का शोधतोय? तिला वाटलं ते तिची चेष्टा करताहेत. ती चिडली, त्यांची लुंगी ओढली, मुठी आपटल्या. तिला दिसलं ते सगळ्यांनाच दिसलं असणार, याच्या पलीकडे तिला जाताच येत नव्हतं. आणि मग, त्या रागातच, तिचा उजवा हात वर गेला. एक बोट कपाळाला टेकलं. तळवा झटकण्यासाठी उघडला.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. हात तसाच खाली आला. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

"त्यांना ठाऊक नाही" हा विचार तिच्यापर्यंत आला होता, आणि तो ठेवायला तिच्याकडे एकच जागा होती, ती मी बंद केली होती. सासऱ्यांना त्या दिवशी चंची मीच काढून दिली. सासूबाई आठवडाभर माझ्यावर धुमसत होत्या.

आता खाली लूम नाहीत. ते भंगारात गेले आणि गाळा गोदामाला दिला आहे. दिवसभर खोकी येतात आणि जातात, लादी थरथरत नाही. सासू-सासरे नाहीत, मावशीही गेल्या. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. मोठ्या शाळेत तिला रीतसर सांकेतिक भाषा मिळाली, तिच्यासारख्या मैत्रिणी मिळाल्या. फोनच्या पडद्यावर ती मला हातांनी गोष्टी सांगते, माझे हात चुकले की हसते. म्हणते, आई, तुझी बोली गावठी आहे, असं आता कुणी बोलत नाही. गावठी म्हटलेलं मला बरं वाटतं. रिकाम्या घरात कधी कधी मी उगाचच लादीला तळवा लावून बघते. खाली सोळा लूम सुरू आहेत, कोपऱ्यात मावशी आहेत, आणि मला कुणीतरी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून हसतंय, एवढंच एकदा हवं असतं.

चंचीचं झालं त्यानंतरच्याच शुक्रवारी मी मुलीला घेऊन वाड्याकडे जाणारी एसटी पकडली. मावशींचं गाव कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या मेहतांना माहीत होतं. अंबाडी नाक्यावर उतरलो, तिथून रिक्षाने आत. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. तिखट बोलायला मला कधी तयारी लागली नाही, पण या बोलण्याला लागत होती.

मावशी अंगणात सुपात वाल निवडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. फाटकाचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली, मला बघितलं, तिला बघितलं. उठल्या नाहीत. हात सुपातच राहिले.

"ये वहिनी, बस," म्हणाल्या. तोंडाने.

मी बसले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मुलगी त्यांच्यासमोर उभी होती. दोन वर्षं म्हणजे तिच्या वयाचा केवढा मोठा तुकडा, ओळख राहिली असेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. मावशी तिच्याकडे बघत होत्या आणि बोटांनी खडे वेचत होत्या. मग मला उमगलं. माझी मनाई त्या अजून पाळत होत्या, स्वतःच्या अंगणातसुद्धा.

"मावशी," मी म्हटलं, "बोला ना तिच्याशी. हातांनी बोला."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. आणि त्यांचे हात उठले. काय बोलल्या ते मला कळलं नाही, फार भराभर होतं. मुलगी आधी नुसती बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तरी तिने माझ्या चेहऱ्याची खात्री करून घेतली, दोनदा. मग तिचे हात सुटले. आधी अडखळत, चुकत, मग सलग. कपाळ, छाती, गाल. मधेच नाकाचा शेंडा. त्या दोघी बोलत होत्या आणि मी शेजारी बसून नुसते ओठ मिटून बघत होते. माझ्याच मुलीच्या बोलण्यातलं मला काही समजत नव्हतं, आणि तिला एवढी वर्षं कसं वाटलं असेल ते मला त्या अंगणात कळलं.

मावशी थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनतं, आईच्या मनात आसं हाय, का मावशी रागावलं आपल्यावर. म्हून आई गप बसलंय."

मी तिच्याकडे बघितलं. सहा दिवसांपूर्वी तिला गादीखाली चाचपणाऱ्या आजोबांचं मन कळता कळता राहिलं होतं. आता ती माझ्या मनातलं मावशींचं मन वाचत होती. मी त्या अंगणात मनातला एक शब्दही बोलले नव्हते.

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"मी काय सांगनार? म्हनलं, तुझ्या आईलाच इचार."

मुलगी माझ्याकडे वळली होती. तिने नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं, छातीवर तळवा फिरवला आणि हात माझ्यापुढे उघडा धरला. तुझ्या मनात काय आहे, सांग.

मी हात वर उचलले. ते तसेच हवेत राहिले, कारण मला हवा असलेला शब्द मी कधी शिकलेच नव्हते.

"मावशी," मी म्हटलं, "माझं चुकलं, हे हातांनी कसं म्हणायचं?"

त्यांनी करून दाखवलं. मी त्यांचं बघून केलं, आधी त्यांच्याकडे तोंड करून, मग मुलीकडे. नीट जमलं नाही. मुलगी पुढे आली, माझा अंगठा धरून आत वळवला, बोटं सरळ केली आणि पुन्हा करायला लावलं.